मराठवाड्यात बसून थंड समुद्रातल्या केल्पवर काम करता येईल का? पाणी, गारवा आणि उजेड यांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नांदेड-परभणीकडच्या महाविद्यालयात एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राला असलेल्या विद्यार्थिनीला थंड समुद्रातल्या केल्प शैवालावर (मोठं तपकिरी समुद्री शैवाल) प्रकल्प करायचा आहे. विभागात एक बीओडी इनक्युबेटर (ठरवलेलं तापमान राखणारी पेटी), एक जुना फ्रिज, ऑटोक्लेव्ह आणि बऱ्यापैकी मायक्रोस्कोप आहे. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, बोअरचं पाणी जड आणि उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर. मार्गदर्शक म्हणतात, विषय बदल. बदलावा का?

विषय बदलायची गरज नाही. बदलायची आहे ती शैवालाची अवस्था. केल्प म्हटलं की डोळ्यासमोर दोन-तीन मीटरचं पातं येतं. ते जगवायला वाहतं थंड समुद्रपाणी, मोठी टाकी आणि चिलर लागतो. त्या वाटेला जाऊ नका. केल्पच्या जीवनचक्रात दुसरी एक स्वतंत्र पिढी असते, गॅमेटोफाइटची. ती म्हणजे काही पेशींचे सूक्ष्म धागे. नर वेगळे, मादी वेगळी. हे धागे ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये, मंद लाल उजेडात, १० अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षं नुसते वाढत राहतात. तुकडे केले की प्रत्येक तुकडा नव्याने वाढतो. तापमान, क्षारता आणि उजेड यांचे बहुतेक मूलभूत प्रश्न याच अवस्थेवर विचारता येतात, आणि विचारावेतही. कारण पात्याला सोसणारा उन्हाळा गॅमेटोफाइटच्या प्रजननाला सोसेलच असं नाही. पुढची पिढी तयार झाली नाही तर आज दिसणारं केल्पचं जंगल काही वर्षांत संपतं.

प्रजाती निवडताना सॅकरिना लॅटिसिमा घ्या. उत्तर अटलांटिकपासून आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांपर्यंत ती आढळते, तिच्यावर वाचायला भरपूर आहे आणि ती चुका सहन करते. लॅमिनारिया डिजिटाटा आणि अलारिया एस्क्युलेंटा या तिच्या खालोखाल. लॅमिनारिया सॉलिडंग्युला ही खरी आर्क्टिकची रहिवासी. उन्हाळ्यात साठवलेल्या लॅमिनारन या साखरेच्या साठ्यावर ती हिवाळ्याच्या काळोखात, बर्फाखाली वाढते. वाचायला भारी, पण पहिल्या प्रकल्पाला नको. अंटार्क्टिकाचं मनात असेल तर लक्षात ठेवा, तिथे केल्पचा लॅमिनारिएलीज गणच नाही. केल्पची जागा तिथे डेस्मारेस्टिया आणि हिमँटोथॅलस यांनी घेतली आहे, आणि त्यांना ० ते ५ अंश लागतात. तुमचा बीओडी साधारण ५ अंशांच्या खाली विश्वासाने चालत नाही. त्यामुळे तो विचार तिथेच थांबवा.

कल्चर मिळतं कुठून? स्कॉटलंडमधल्या ओबनचा सीसीएपी संग्रह आणि अमेरिकेत मेन राज्यातला बिगेलो प्रयोगशाळेचा एनसीएमए संग्रह हे शैवाल-कल्चरचे जुने, नावाजलेले संग्रह. त्यांच्या यादीत सॅकरिनाचे नर आणि मादी वेगवेगळे मिळतात का ते आधी बघा. मिश्र कल्चर आलं तर ते वेगळे करण्यात एक सत्र जातं. जिवंत समुद्री शैवाल आणायला परवाना लागतो. त्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने २०२४ मध्ये काढली आहेत. अर्ज महाविद्यालयाच्या नावाने करा आणि प्रकल्पाच्या वेळापत्रकात ही पायरी सगळ्यात आधी ठेवा. कागद पुरे नसताना पार्सल मागवलं आणि ते मुंबईत कस्टममध्ये अडकलं, तर तिथल्या उकाड्यात आतलं सगळं मरतं. कागद येईपर्यंत हात बसवायला कोकणातून उल्व्हा हे हिरवं शैवाल किंवा एखादं बारीक धाग्याचं तपकिरी शैवाल आणा. २०१० मध्ये ज्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला ते एक्टोकार्पस केल्पचंच दूरचं नातेवाईक आहे आणि १५ ते २० अंशांना वाढतं. माध्यम बनवणं, तुकडे करणं, मोजणं हे सगळं त्याच्यावर शिकून घ्या.

कोकणातलं शैवाल आणताना पाण्यात बुडवून आणू नका. पाण्यातला ऑक्सिजन रात्रीत संपतो आणि सकाळी नुसता कुजकट वास राहतो. समुद्राच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मलमलीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा, झिपच्या पिशवीत घाला आणि थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. बर्फाचे पॅक कागदात गुंडाळून खाली ठेवा, शैवालाला थेट टेकू देऊ नका. आपल्या किनाऱ्यावरची शैवालं उष्ण कटिबंधातली आहेत, १० अंशांच्या खाली त्यांना इजा होते. केल्पचं पार्सल याच्या नेमकं उलट: ते ४ अंशांवर आलं तरी चालेल, २५ वर नको.

आता पाण्याकडे येऊ. बहुतेक प्रकल्प इथेच मरतात, आणि मेले हे महिनाभर कळतही नाही.

दख्खनच्या बेसाल्टमधून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं भरपूर असतात, काही गावांत नायट्रेटही चढं असतं. त्यात मीठ घालून समुद्र होत नाही. जारचं आरओ पाणीही चालणार नाही, कारण चवीसाठी त्यात टीडीएस मुद्दाम ठेवलेला असतो. रसायनशास्त्र विभागातलं काचेच्या उपकरणातून दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं किंवा आयनमुक्त पाणी घ्या आणि त्याची वाहकता १० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत आहे ना ते मीटरवर बघा. उपकरणात, नळाला किंवा जोडणीत कुठेही तांबं-पितळ असेल तर ते पाणी बाजूला ठेवा. केल्पचे बीजाणू आणि गॅमेटोफाइट यांना तांब्याचं फार थोडं प्रमाणही विषारी असतं. पेशी लगेच मरत नाहीत, नुसत्या वाढायच्या थांबतात. मग माणूस उजेड बदलतो, तापमान बदलतो, माध्यम बदलतो. पितळी तोटीकडे मात्र लक्ष जात नाही.

कृत्रिम समुद्रपाण्याचं केस्टरचं सूत्र १९६७ सालचं आहे आणि अजूनही उत्तम चालतं. एक किलो द्रावणासाठी सोडियम क्लोराइड २३.९३ ग्रॅम, सोडियम सल्फेट ४.०१, पोटॅशियम क्लोराइड ०.६८, सोडियम बायकार्बोनेट ०.२० (हे मात्र निर्जंतुकीकरणानंतर, पुढे सांगितल्याप्रमाणे), पोटॅशियम ब्रोमाइड ०.०९८, बोरिक आम्ल ०.०२६ आणि सोडियम फ्लोराइड ०.००३ ग्रॅम. हे एका भांड्यात. दुसऱ्या भांड्यात मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट १०.८३ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.५२ ग्रॅम आणि स्ट्रॉन्शियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ०.०२४ ग्रॅम. दोन्ही पूर्ण विरघळल्यावर दुसरं पहिल्यात हळूहळू, ढवळत ओता. सगळी मिठं कोरडी एकत्र करून वर पाणी ओतलं तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो. तो पुन्हा विरघळत नाही आणि पाण्याची क्षारधारकता (अल्कलिनिटी) कायमची बिघडते. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ओढतात. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या बाटलीतून वजन केलं तर मिठाऐवजी पाणीच तोललं जातं. त्यापेक्षा या दोघांची एक मोलर साठवण द्रावणं पक्क्या बुचाच्या बाटलीत करून ठेवा आणि आकारमानाने घ्या. घरचं आयोडीनयुक्त मीठ कशातच वापरू नका. ते मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं इथे उपद्रव करतात.

इथे कुणीतरी हटकून सुचवतं की लोणार जवळच आहे, तिथलं खारं पाणी का नको? लोणारच्या पाण्यात सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेट भरपूर, सामू (pH) १० च्या आसपास. समुद्राचा ८.१. लोणारच्या पाण्यात स्पिरुलिना मजेत वाढते, केल्प टिकणार नाही.

कोकणातून खरं समुद्रपाणी आणणं शक्य असेल तर अवश्य आणा. निम्मं खरं आणि निम्मं कृत्रिम असं मिश्रण निव्वळ कृत्रिमपेक्षा बहुधा चांगलं वागतं. पाणी नोव्हेंबर ते मे या काळात, खाडीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी भरा. पावसाळ्यात किनाऱ्याची क्षारता खूप उतरलेली असते. कॅन नवे, खाद्यपदार्थांसाठीचे घ्या. शेतातल्या औषधाचा कॅन कितीही धुतला तरी तणनाशकाचा अंश राहतो, आणि तणनाशक शैवालालाही तण समजतं. आणल्यावर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून अंधारात, थंड जागी ठेवा.

निर्जंतुकीकरणात एक ठरलेली फसगत आहे. समुद्रपाणी पोषकद्रव्यांसकट ऑटोक्लेव्ह केलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि फॉस्फेट, कार्बोनेट, लोह असं सगळं तळाला बसतं. बाटली पारदर्शक दिसते, तळाशी बारीक तपकिरी-पांढरा थर असतो. तो थर म्हणजे तुमचं लोह. केल्पच्या मादी गॅमेटोफाइटला अंडं धरायला ईडीटीएने (लोह विरघळलेलं ठेवणारं रसायन) बांधलेलं लोह लागतं. ते नसेल तर धागे हिरवट-तपकिरी, निरोगी दिसतात आणि अंडी मात्र काही केल्या येत नाहीत. म्हणून बायकार्बोनेट न घातलेलं मूळ पाणी ऑटोक्लेव्ह करा, पूर्ण गार होऊ द्या, मग बायकार्बोनेट आणि पोषकद्रव्यं ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून घाला. एक रात्र थांबून सामू मोजा. ८.० ते ८.३ ठीक.

पोषकद्रव्यांसाठी प्रोव्हासोलीचं मिश्रण वापरतात, पण विद्यार्थ्याला एफ-बाय-टू (f/2) हे माध्यम सोपं पडतं. लिटरला सोडियम नायट्रेट ७५ मिलिग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ५ मिलिग्रॅम, फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट ३.१५ मिलिग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ४.३६ मिलिग्रॅम, त्याबरोबर सूक्ष्म धातू आणि तीन जीवनसत्त्वं: थायमिन १०० मायक्रोग्रॅम, बायोटिन आणि बी-१२ प्रत्येकी अर्धा मायक्रोग्रॅम. मूळ कृतीत सिलिकेट असतं ते गाळा. सिलिकेट डायटमचं (काचेसारखं कवच असलेलं एकपेशीय शैवाल) खाद्य आहे, केल्पचं नाही.

डायटम हाच या कामातला मोठा शत्रू. तपकिरी शैवालात तपकिरी डायटम नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत, फ्लास्क झकास वाढतोय असंच वाटतं. दर आठवड्याला एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. दिसले तर जर्मेनियम डायऑक्साइड घाला, पण बेताने. लाल आणि हिरव्या शैवालाला लिटरला ५-१० मिलिग्रॅम सोसतं, तपकिरी शैवालं त्याला नाजूक असतात. लिटरला एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, एक-दोन आठवडे, आणि मग साधं माध्यम. कायम घालून ठेवू नका. त्याने डायटमही थांबतात आणि प्रयोगाचे आकडेही.

गारव्याचं गणित. बीओडीवर ५ ते ६० अंश लिहिलेलं असतं, पण ते खोली २५-२८ अंशांवर आहे असं धरून. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत एप्रिलमध्ये खोली ३८ ला गेली की कॉम्प्रेसर न थांबता चालतो आणि आत १४-१५ च्या खाली उतरत नाही. यंत्र तळमजल्यावरच्या, उत्तरेकडच्या खोलीत हलवा, मागे वीतभर जागा सोडा, कंडेन्सरवरची धूळ महिन्यातून एकदा झाडा. शक्य असेल तर खोलीला एसी. स्टॅबिलायझर हवाच, आणि वीज परत आल्यावर कॉम्प्रेसर ३ ते ५ मिनिटांनी सुरू होईल असा टाइम-डिले हवा. लोडशेडिंगनंतर लगेच दाबाविरुद्ध सुरू होताना कॉम्प्रेसर जळतात.

जुना फ्रिज फेकू नका. बाहेरून डिजिटल तापमान नियंत्रक जोडला की तो उत्तम संवर्धनपेटी होतो. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सगळ्यात थंडवर ठेवा, म्हणजे तो मध्येच तोडणार नाही. नियंत्रक १० अंशांवर, फरक १ अंश, विलंब ५ मिनिटं. नियंत्रकाचा सेन्सर हवेत लोंबकळत न ठेवता २५० मिलिलिटर पाण्याच्या बाटलीत बुडवा. हवेत ठेवला तर दार उघडलं की कॉम्प्रेसर सुरू, मिटलं की बंद, आणि फ्लास्कचं खरं तापमान काय ते कुणालाच माहीत नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजपेक्षा साधा एकदारी बरा, त्याचं कारण पुढे बाष्पीभवनाच्या ठिकाणी येईल.

वीज गेल्यावर किती वेळ तग धरेल हे अंदाजाने सांगू नका, मोजा. पेटीत १० लिटर पाणी १० अंशांवर आणून ठेवा, वीज बंद करा आणि तासातासाला तापमान लिहा. १० लिटर पाणी एक अंश तापायला सुमारे ४२ किलोज्यूल लागतात. तासाला ४ अंश चढले तर बाहेरून साधारण ४६ वॅट उष्णता आत येते आहे. अशा पेटीत नुसतं पाणी १० वरून १८ ला दोन तासांत जातं. त्याऐवजी वरच्या कप्प्यात १० किलो गोठवलेल्या बाटल्या ठेवल्या तर बर्फ वितळायलाच ३,३४० किलोज्यूल लागतात, म्हणजे ५० वॅटच्या गळतीवर १८ तासांहून जास्त. इन्व्हर्टरपेक्षा हे स्वस्त आणि भरवशाचं. बर्फाजवळचा फ्लास्क २ अंशांवर गेला तरी सॅकरिनाचं काही बिघडत नाही. २३-२४ अंशांवर जास्त दिवस गेले तर मात्र कल्चर गेलं समजा. म्हणून पेटी चुकायचीच असेल तर थंडीकडे चुकू द्या.

उजेडाचं तत्त्व सोपं आहे आणि १९७० च्या दशकात ल्युनिंग आणि ड्रिंग यांनी ते नीट दाखवून दिलं. लाल उजेडात गॅमेटोफाइट नुसता वाढतो, निळा उजेड मिळाला की प्रजननाला लागतो. साठवणीसाठी ६३०-६६० नॅनोमीटरच्या लाल एलईडी पट्ट्या, १० ते १५ मायक्रोमोल (चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांचं माप), १२ तास उजेड. पांढऱ्या ट्यूबला लाल जिलेटिन कागद गुंडाळून भागवू नका, त्यातून निळा गळतो आणि साठवणीचं कल्चर आपोआप अंड्यावर येतं. दोन-चार मिनिटं साध्या उजेडात काम केल्याने काही होत नाही, एकूण मिळालेला निळा उजेड महत्त्वाचा. प्रजननासाठी थंड पांढरी एलईडी, २० ते ४० मायक्रोमोल. क्वांटम मीटर नसेल तर पांढऱ्या उजेडात ३० मायक्रोमोल म्हणजे ढोबळ मानाने २,००० लक्स धरा. लाल उजेडात लक्समीटरचा आकडा फसवा असतो, तो माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेला आहे. एलईडीचा ड्रायव्हर पेटीबाहेर बसवा, नाहीतर त्याचीच उष्णता काढण्यात कॉम्प्रेसर दमतो.

कमी उजेडाचे प्रयोग करताना आपल्याकडे हाताशी असते ती शेडनेट. हिरवी वापरू नका, ती उजेडाचा रंगही थोडाफार बदलते. काळी जाळी एकावर एक घाला आणि प्रत्येक थराखाली प्रत्यक्ष मोजा.

कल्चर आल्यावर नळी लगेच उघडू नका. ८-१० अंशांवर, अगदी मंद उजेडात दोन-तीन दिवस राहू द्या, मग निम्मं माध्यम बदला. दोन-तीन आठवड्यांनी वाढ दिसली की नर आणि मादी ओळखायला शिका. नराच्या पेशी बारीक, फांद्या दाट, रंग फिका. मादीच्या पेशी मोठ्या, फांद्या कमी, रंग गडद. प्रयोगासाठी दोन्ही समप्रमाणात घेऊन निर्जंतुक खलात हलक्या हाताने दळा, दोन ते पाच पेशींचे तुकडे मिळेपर्यंतच. जास्त दळलं तर फुटलेल्या पेशींवर जिवाणू माजतात. ६० मिलिमीटरच्या पेट्री डिशचा तळ साधारण २,१०० चौरस मिलिमीटर असतो. चौरस मिलिमीटरला पाच तुकडे हवेत तर डिशमध्ये १०,५०० तुकडे, म्हणजे १० मिलिलिटर माध्यमात मिलिलिटरला हजारभर. एक मिलिलिटर मावणाऱ्या सेजविक-राफ्टर मोजणी-स्लाइडवर हजार चौकोन असतात, तेव्हा सरासरी चौकोनात एक तुकडा दिसला की घनता बरोबर. दाट पेरलं तर धागे एकमेकांत गुंतून नुसते वाढतात, अंडी कमी येतात.

१० अंश, पांढरा उजेड, १० ते १४ दिवस. मग अंडी दिसू लागतात. मादी अंडं सोडते ते उजेड गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात. तेव्हाच लॅमॉक्सिरीन नावाचं फेरोमोन (शुक्राणूंना खुणावणारं रसायन) पाण्यात सुटतं आणि नराचे शुक्राणू त्याने बाहेर पडतात. टायमर असा लावा की पेटीतली रात्र तुमच्या दुपारी पडेल. मग महाविद्यालयाच्या वेळेत मोजणी होते. तिसऱ्या आठवड्यात एका ओळीत पेशी असलेले कोवळे स्पोरोफाइट (पात्याची पिढी) दिसतात. दर डिशमध्ये यादृच्छिक जागा घेऊन किमान १०० माद्या मोजा: निव्वळ वाढणाऱ्या, अंडं धरलेल्या आणि स्पोरोफाइट लागलेल्या. नुसतं ‘वाढ चांगली’ असं लिहिलेली वही कुठल्याही परीक्षकापुढे टिकत नाही.

प्रयोग कोणता लावावा? नुसतं तापमान घेतलं तर एक अडचण आहे, आणि ती प्रकल्पांमध्ये सतत दिसते. एक पेटी १० अंशांवर, एक १६ वर, प्रत्येकीत पाच डिश, आणि निष्कर्षात पाच पुनरावृत्ती. त्या पाच नव्हेत, एकच आहे. पेटीचा उजेड, कंप, हवा सगळं त्या पाचही डिशना सारखंच मिळालं. दोनच पेट्या असतील तर प्रयोग तीनदा लावा, दर वेळी पेट्यांची तापमानं अदलाबदल करा आणि विश्लेषणात फेरी हा गट धरा. वेळ तिप्पट लागतो, पण आकड्यांना अर्थ येतो.

त्याहून चांगला प्रश्न क्षारतेचा, कारण एकाच पेटीत प्रत्येक डिशला वेगळी क्षारता देता येते आणि प्रत्येक डिश खरोखर स्वतंत्र राहते. हा प्रश्न काल्पनिकही नाही. स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डमध्ये, जिथे न्यू-ऑलेसुंडला भारताचं हिमाद्री केंद्र २००८ पासून आहे, हिमनद्या वितळून उन्हाळ्यात वरचं पाणी गोडसर आणि गढूळ होतं. त्याच फ्योर्डमध्ये १९९६-९८ आणि २०१२-१४ या दोन काळांची तुलना झाली. २.५ मीटर खोलीवरचं केल्पचं वजन आठ पटींहून जास्त झालं होतं आणि सर्वाधिक वाढीची खोली ५ मीटरवरून २.५ मीटरवर सरकली होती. किनाऱ्याला घासणारा समुद्री बर्फ कमी झाल्याने उथळ जागा मोकळी झाली, आणि गढूळपणाने खोलवरचा उजेड गेला. म्हणजे केल्प आता नेमकं त्याच वरच्या, गोडसर थरात जास्त आहे. त्या थरात गॅमेटोफाइट अंडी धरतो का? ३३, २५, २०, १५, १० आणि ५ अशा क्षारता (हजार भागांत मिठाचे भाग), तापमान ५ आणि १० अंश. हे मराठवाड्यातल्या विभागात पूर्णपणे जमणारं काम आहे.

पाणी पातळ करताना क्षारतेबरोबर पोषकद्रव्यं आणि बायकार्बोनेटही पातळ होतात, हे विसरलात तर मोजाल उपासमार आणि लिहाल क्षारता. आधी पाणी पातळ करा, मग प्रत्येक पातळीला सारखीच पोषकद्रव्यं घाला, आणि ५-१० च्या पातळ्यांत बायकार्बोनेट मूळ पातळीला आणा. क्षारता हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर मोजत असाल तर तो समुद्रपाण्याचा आहे की नुसत्या मिठाच्या द्रावणाचा ते बघा, ३५ ला दीड एककाचा फरक पडतो. शिवाय तो २० अंशांना जुळवलेला असतो. ४० अंशांच्या खोलीत तापलेल्या काचेवर थंड थेंब टाकून घेतलेला आकडा सोडून द्या.

मग बाष्पीभवन. मार्च-एप्रिलची आपल्याकडची कोरडी हवा आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा पंखा मिळून १० मिलिलिटरच्या डिशमधून आठवड्याला एक मिलिलिटर सहज पळवतात. ३३ ची क्षारता ३६.७ होते. डिशला पॅराफिल्म, पेटीत पाण्याचा उघडा ट्रे, आणि प्रत्येक फेरीत एक डिश फक्त तोलण्यासाठी. तिचं वजन जितकं घटलं तितकं निर्जंतुक आयनमुक्त पाणी बाकीच्यांना घाला, माध्यम नव्हे.

तापमानाचे निकाल लिहिताना समुद्रावरचं उदाहरण देण्याचा मोह होतो. २०१४ ते २०१६ च्या उष्ण लाटेत उत्तर कॅलिफोर्नियातलं बुल केल्प ९० टक्क्यांहून जास्त नाहीसं झालं, तेव्हा ‘केल्प उष्णतेने मेलं’ असं सरळ लिहिलं जातं. पण त्या किनाऱ्यावर पाणी १५-१६ अंशांच्या वर गेलं की त्यातलं नायट्रेट जवळजवळ संपतं, कारण पोषक पाणी खालून येतं आणि तेच थंड असतं. त्याआधी, २०१३ पासून, समुद्रतारे रोगाने मेले होते आणि त्यांच्या धाकात असणाऱ्या, केल्प खाणाऱ्या जांभळ्या सी-अर्चिनना (काटेरी समुद्री प्राणी) रान मोकळं मिळालं होतं. फ्लास्कमध्ये नायट्रेट भरपूर असतं आणि अर्चिन नसतात. म्हणून तुमचा आकडा समुद्राच्या आकड्यापेक्षा उदार येऊ शकतो, आणि चर्चेत ते लिहायला हवं.

वापरलेलं माध्यम मोरीत तसंच ओतू नका. गोदावरीत केल्प वाढणार नाही हे खरं, पण परवान्याच्या अटीत ते येतं, आणि मन्नारच्या आखातात लागवडीसाठी आणलेलं परदेशी लाल शैवाल कप्पाफायकस कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरलेलं २००८ मध्ये नोंदलं गेलं आहे. ऑटोक्लेव्ह करा, मग ओता.

वेळापत्रक उन्हाळा धरून बांधा. परवाना आणि माध्यमाचा सराव जून ते ऑक्टोबर, कल्चर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मागवा, प्रयोगाच्या तीन फेऱ्या जानेवारी ते मार्च. एप्रिल-मेमध्ये नवीन काही लावू नका. सगळं कल्चर लाल उजेडात, ८ अंशांवर, महिन्याला एकदा निम्मं माध्यम. आणि प्रत्येक कल्चरचा दुसरा संच वेगळ्या इमारतीतल्या, वेगळ्या फीडरवरच्या फ्रिजमध्ये ठेवा.